न घेतलेलं नाव

प्रश्नात तसं वाकडं काहीच नव्हतं. "आजी, आजोबांचं नाव काय होतं?" असं त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेही हसून, पेन कागदावर टेकवून, आणि चंद्रभागेनं लग्न झाल्यापासून गेली त्रेपन्न वर्षं जे करत आली तेच केलं. पदर कपाळावर ओढला, मान खाली घातली, ओठ घट्ट मिटले. नवऱ्याचं नाव बाईमाणसानं घ्यायचं नसतं, दातांच्या मागं ठेवायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पोलादपूरच्या डोंगरात पोरींना चूल पेटवायला जसं येतं तसं तेही येतं. पण आज काय झालं कुणास ठाऊक, ओठ मिटताना तिनं सहज, घरातून निघताना कुलूप ओढून बघावं तसं, दातांच्या मागं चाचपून पाहिलं.  तिथं काहीच नव्हतं. तिनं पुन्हा पाहिलं. माणूस होता, अख्खाच्या अख्खा होता. खाकी हाफ चड्डी, उजव्या पायाचा वाकडा अंगठा, तंबाखू चोळताना एक डोळा बारीक करायची खोड, जेवून उठताना गुडघ्यावर हात टेकून 'चला' म्हणायचं, जायचं कुठंच नसलं तरी. सगळा माणूस जागच्या जागी होता. नाव तेवढं नव्हतं.

महाडच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये तेव्हा पंधरावीस म्हातारी माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. पुण्याहून कुठल्याशा संस्थेची मंडळी आली होती, साठीच्या पुढच्यांची आठवण तपासायला, आणि दीपकनं आईचं नाव सगळ्यांत आधी देऊन टाकलं होतं. दीपक तिचा एकुलता एक, एका कारखान्यात सुपरवायझर. कामाला वाघ, बोलायला मात्र महाकंजूष. डॉक्टरीणबाईंचं नाव प्रियदर्शिनी. तिशीची असेल नसेल, आवाज साखरेत घोळलेला. आधीचे प्रश्न चंद्रभागेनं झोकात सोडवले होते. वार कोणता? गुरुवार, कारण सून उज्वला सकाळीच उपासाचा साबुदाणा भिजवून गेली होती. महिना? भाताच्या लोंब्या वाकल्या की आश्विन, ह्यात विचारायचं काय. पाच शब्द ऐकवले, त्यातले चार तिनं परत दिले. मग बाईंनी विचारलं, "घरच्यांना सोडून गेल्या आठवड्यात कुणाकुणाशी बोललात, आजी?" इथं ती जरा अडली. सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक बाई बोलते, कृपया दरवाजा बंद करा म्हणते. तिला मंगळवारी 'करते गो बाय' असं उत्तर दिलं होतं. ते धरायचं की नाय धरायचं? "एक," ती म्हणाली. बाईंनी एक लिहिलं. आणि मग तो नावाचा प्रश्न.

बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, कागदावर फुली मारली आणि दीपकला बाजूला बोलावलं. बाजूला म्हणजे दोन पावलांवर. म्हातारी माणसं बहिरीच असतात अशी तरण्यांची समजूत असते. "पतीचं नाव आठवत नाहीये त्यांना," बाई म्हणाल्या. "हे जरा काळजीचं आहे. पुण्याला आणून सगळ्या तपासण्या कराव्या लागतील." दीपक आधी पांढराफटक पडला. मग एकदम खो खो हसत सुटला. "अहो मॅडम, आठवत नाही म्हणून नाही हो! ती घेतच नाही. जन्मात घेतलं नाही कधी. आमच्याकडच्या बायका घेतच नाहीत!" बाई ओशाळल्या, हसल्या, फुली खोडून बरोबरची खूण केली. खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्याही तोंडाला पदर लावून हसल्या. झालं, चंद्रभागा पास. सगळे हसत होते आणि ती एकटी आतून गार पडत चालली होती, रात्रीत घर लुटलं गेलंय हे फक्त तिला ठाऊक आणि पाहुणे ओटीवर बसून घराचं कौतुक करतायत, असं काहीतरी. अरे, फुलीच बरोबर होती, असं ओरडावंसं वाटलं तिला. पण ओरडायचं कुठल्या तोंडानं? नवऱ्याचं नाव घेणारी बाई निर्लज्ज, हे वाडीत सगळ्यांना माहीत. नवऱ्याचं नाव विसरणारीला काय म्हणतात, ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण अशी बाई कधी झालीच नव्हती. ती निमूट उठली, चपला पायात सरकवल्या, आणि चुकून दुसऱ्याच कुणाच्या सरकवल्या.

घरी आल्यावर तिनं नाव शोधायला घेतलं. शोधायला घेतलं म्हणजे काय, हरवलेली वाटी शोधतो तसं, आधी जिथं असायला हवी तिथं, मग जिथं असणं शक्यच नाही तिथं. मुख्य म्हणजे कान उघडे ठेवले. दीपक बापाला बाबा म्हणायचा. उज्वला मामंजी म्हणायची. पुण्याला शिकणारा नातू हृतिक रविवारी फोनवर आजोबा म्हणायचा, तेही वर्षातून दोनदा. भिंतीवर फोटो होता, चंदनाचा हार होता, नाव नव्हतं. घरात ज्याला त्याला ठाऊकच होतं की हा कोण, मग लिहायचं कशाला? पूर्वी म्हाळाला भटजी यायचे, पाणी सोडताना खणखणीत नाव घ्यायचे आणि ती आत वडे तळता तळता ऐकायची. औंदा दीपकला सुटी नव्हती, त्यानं गच्चीवर कावळ्याला पान ठेवलं आणि कामावर पळाला. कावळा काय नाव घेणार! उखाण्यातून सापडेल असं तिला वाटलं. लग्नात उंबऱ्यावर बायकांनी दार अडवलं होतं आणि ती म्हणाली होती, करवंदाच्या जाळीला काटे बारा... मग ते नाव... मग वाट सोडा जरा. पहिलं सगळं आलं, शेवटचं आलं, मधे पाऊल टाकावं तर पायरीच नाही. तिनं तो उखाणा भाजी निवडताना म्हटला, न्हाताना म्हटला, जोरात म्हटला की ओघात तरी नाव येईल. "आई, काय पुटपुटताय?" उज्वलेनं विचारलं. "काय नाय गो, देवाचं," ती म्हणाली, आणि देवाचंही खोटंच बोललो म्हणून तिला रडू आलं. उज्वला तशी चांगली पोर. शाळेत शिकवायची, थकून यायची, सासूला गरम जेवायला घालायची आणि मोबाईल उघडायची. तिला हसायला एवढीच जागा होती, की सासू सोन्याला पिवळं म्हणते. "आई, सोन्याला सोनं म्हणा की हो." का नाही म्हणत, ते चंद्रभागेलाही सांगता आलं नसतं. जिभेला वळण पडलं होतं, एवढंच.

शनिवारी दुपारी तिनं कपाटातून आपलं आधार कार्ड काढलं. त्यावर तिचं नाव होतं, मधे त्याचं होतं, पुढं उतेकर होतं. ते तिथंच होतं, बोटाखाली, प्लास्टिकच्या आत. पण चंद्रभागा शाळेच्या वाटेनं गेली ती गुरं वळायला, वाचायला नव्हे. काळ्या मुंग्यांच्या तीन रांगा होत्या, त्यातली मधली रांग म्हणजे तिचा नवरा. तिनं रांगेवरून बोट फिरवलं. त्याच्या अंगावरून फिरवल्यासारखं वाटलं आणि दचकून बोट काढून घेतलं. मग हिय्या करून ती समोरच्या दाराशी गेली. तिथं अनुपमा नावाची कुणी मुलगी नवऱ्याबरोबर राहायची, घरूनच कॉम्प्युटरवर काम करायची. बेल वाजवली. दार साखळीएवढं उघडलं, कानात तार, "एक मिनिट हं," असं कुणा तिसऱ्यालाच म्हणून तिनं विचारलं, "काय आजी?" हातातलं कार्ड चंद्रभागेनं पदराआड नेलं. बाई गो, हे वाच आणि माझा नवरा कोण ते सांग, असं म्हणायचं? "साखर हाय का वाटीभर?" ती म्हणाली. पोरीनं भरभरून साखर दिली, हसली, दार लोटलं. घरात पाच किलो साखर असताना ती वाटी घेऊन चंद्रभागा कितीतरी वेळ दोन्ही दारांच्या मधे उभी राहिली. आपलं डोकं जायला लागलं, हे तेव्हा तिला अगदी लख्ख कळलं. आज नाव गेलं, उद्या वाकडा अंगठा जाईल, मग तंबाखू चोळणारा हात. मग कुणीतरी भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवील आणि ती म्हणेल, कोन हो हे? 

आणि मग तिला राही आठवली. राहीबाई म्हणजे तिच्या सासरच्या वाडीतली शेजारीण, तिच्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. नवऱ्यानं टाकली म्हणून ऐन तारुण्यात ह्याच वाडीत माहेरी परत आलेली आणि मग तिथलीच झालेली. गावची लेक ती. गावातल्या कुठल्याही बाप्याला नावानं हाक मारायची तिला मुभा. ती चंद्रभागेच्या नवऱ्याबरोबर झाडावरच्या कैऱ्या पाडत वाढलेली, तिला कसली लाज? वरच्या खाचरातून खालच्या खाचरात ती अशी हाक घालायची की घाटातल्या ट्रकवाल्यानं वळून बघावं. ए अमक्या, म्हस सुटली रे तुझी! नवी सून असताना चंद्रभागेचा त्या हाकेनं तिळपापड व्हायचा. माझ्या नवऱ्याचं नाव मी मनात घेताना चाचपडते आणि ही बया दिवसातून धा वेळा उघड्यावर उधळते! आता तीच हाक ती जिवाचा कान करून आठवू लागली. बांधावर उभी राही दिसली, कमरेवर हात, दात किंचित पुढं. सुटलेली म्हैस दिसली, तिच्या गळ्यातलं लोढणं दिसलं. राहीचं तोंड उघडलं: ए... मग नुसतंच हलणारं तोंड, घाटात गाडीतला रेडिओ खरखरून बंद पडतो तसं, आणि मग पुन्हा, म्हस सुटली रे तुझी. नेमकं तेवढंच गळलेलं. पण राहीकडं ते असणारच. चार घटका तिच्याजवळ बसावं, जुनं काढावं, बोलता बोलता ती आपसूक दहा वेळा नाव घेईल. विचारायची गरज नाही, लाज जायची नाही. नवरा गेला त्याला चार वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून तिनं वाडी पाहिली नव्हती. दरडी येतात, तुला चढवत नाही, मी जाऊन घर झाडून येतो, असं दीपक म्हणायचा. सोमवारी दीपक आणि उज्वला बाहेर पडल्याबरोबर तिनं दाराला कुलूप घातलं. लिफ्टमधली बाई म्हणाली, कृपया दरवाजा बंद करा. चंद्रभागेनं तिला उत्तर दिलं नाही.

महाडच्या स्टँडवर पाय आपोआप पोलादपूरच्या गाडीला लागले. पायांना सगळं येत होतं, हे तिला नवल वाटलं. गाडीत शेजारी बसलेल्या बाईनं कुठं निघालात म्हणून विचारलं आणि पोलादपूर येईपर्यंत दोघींच्या सुना, गुडघे आणि रक्तदाब बोलून संपले. खाली उतरताना चंद्रभागेला पाचवा शब्द आठवला, गुरुवारी सुटलेला: पतंग. अगं बया, ती मोठ्यानं म्हणाली. पुढं आंबेनळीच्या वाटेची वडाप जीप, मग फाट्यापासून चढण. दोन्ही अंगांना गवत कमरेएवढं उंच आणि पिवळंधमक झालेलं. धाप लागत होती, थांबत होती, पण मनात एकच घोकत होती, राही बोलेल, राही बोलेल. वाडीत शिरली. चौदा घरांतली अकरा बंद. मुंबईला गेलेली माणसं गणपती करून परत गेलेली, दारांना सुकलेली तोरणं. तिचं स्वतःचं घरही त्यातच, ओटीवर कोंबड्यांची शिट. हाक मारायला खाचरात माणूस नव्हतं. राहीचं दार मात्र उघडं होतं, आणि उंबऱ्यावर राही बसली होती. केवढीशी झालेली! ओटीवर कुणीतरी ताट झाकून ठेवलेलं, ते तसंच, वर माशा.

"राहे!" चंद्रभागा धावतच गेली. "राहे, आले गो मी!"

राहीनं वर पाहिलं. डोळे स्वच्छ होते, त्यात ओळख नव्हती. "कोन गो तू?"

"अगो मी! चंद्रभागा!"

"कंची चंद्रभागा?" राही शांतपणे म्हणाली, आणि मग गावात परक्या बाईला विचारतात तेच तिनं विचारलं. "कुनाची तू?"

चंद्रभागा होती तिथंच थिजली.  इतका दम खाऊन, इतका डोंगर चढून ती जे मागायला आली होती, तेच दारात तिच्याकडं मागितलं जात होतं. वाडीत बाई कुणाची तरी असते. त्या नावावाचून राहीला ती ओळखू येणार नव्हती, आणि राहीनं ओळखल्यावाचून ते नाव मिळणार नव्हतं. "दीपकची आये," ती चाचरत म्हणाली. "कोन दीपक?" "उतेकरांची." "समदेच उतेकर," राही म्हणाली, आणि तेही खरंच होतं. त्रेपन्न वर्षांपूर्वी ह्याच राहीनं तिचा उंबरा अडवला होता, नाव घे नायतर आत सोडत नाय म्हणून खदखदून हसली होती. आज ती अडवत नव्हती, नुसती बसली होती, पण वाट बंदच होती. चंद्रभागा मटकन तिच्याशेजारी बसली आणि इतक्या दिवसांचं रडू एकदम फुटलं. राहीला त्याचं काहीच वाटलं नाही. तिनं परक्या बाईचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि थोपटत राहिली, पोरीला निजवावं तशी. "राहे, माझी म्हस गो," चंद्रभागा हुंदक्यात म्हणाली. काय बोलतोय ते तिचं तिला कळत नव्हतं. "माझी कपाळावर चांद असलेली म्हस. सारखी दावं तोडायची. तू वरच्या बांधावरनं बघायचीस. हाक घालायचीस गो. म्हस सुटली की हाक घालायचीस..."

थोपटणारा हात थांबला. राहीची मान ताठ झाली. बसल्या जागी तिनं कमरेवर हात ठेवला, खालच्या, गवत माजलेल्या खाचराकडं पाहिलं, आणि त्या वाळक्या छातीतून कुठून आली कोण जाणे, जुनीच्या जुनी हाक बाहेर पडली.

"ए सोनबाऽऽ! म्हस सुटली रे तुझी!"

समोरच्या डोंगरावर ती आपटली आणि परत आली. सोनबा. चंद्रभागेच्या तोंडात ते नाव असं येऊन पडलं की तिला ठसका लागला. सोनबा! आणि पिवळं, पिवळं एवढ्यासाठी! सोनाराला पिवळंवाला, दसऱ्याला पिवळं घ्या, सगळ्या जन्मभर त्या नावाला वळसा घालून चालली, आणि वळसा राहिला, नाव गेलं. तिच्या घरी महाडला ते कुणीच घेत नव्हतं ना. तिनं तर कधीच घ्यायचं नव्हतं. दुसऱ्यांच्या तोंडात होतं तोवर तिचं होतं. ती हसत होती की रडत होती, तिला सांगता आलं नसतं. भीतीही वाटत होती. आत्ता आहे, उतरणीवर पुन्हा सांडलं तर?

"सोनबाची," ती म्हणाली.  पहिल्यांदाच, उखाण्याशिवाय, नुसतंच. "सोनबाची बायको हाय मी, राहे."

"आगो भवाने!" राहीनं तोंडावर हात मारला. तिच्या डोळ्यांत एकदम लख्ख झालं. "घोवाचं नाव घेतंस तोंडानं? चंद्रे, लाज इकून खाल्लीस काय गो?" आणि दात नसलेल्या तोंडानं ती अशी खिदळली की ताटावरच्या माशा उठल्या. मग बाजूला सरकली आणि उंबऱ्यावर हात आपटून म्हणाली, "चल, ये आत."

दोघींनी त्या ताटातलं गार जेवण वाटून खाल्लं. सोनबाच्या कैऱ्या निघाल्या, सोनबा झाडावरून पडला ते निघालं, अंगठा वाकडा कशानं झाला तेही निघालं. चंद्रभागेला ते आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. पण मधेच राहीचा चेहरा विझायचा, पाटी पुसल्यासारखा कोरा व्हायचा, आणि ती परक्या अदबीनं विचारायची, "कोन गो तू? कुनाची?" पहिल्यांदा चंद्रभागा दचकली. दुसऱ्यांदा कमी दचकली. तिसऱ्यांदा तिच्या ध्यानात आलं, की राहीनं विचारलं की तिला नाव घ्यावं लागतं, आणि नाव घेतलं की राहीला ती ओळखू येते. उठून जायचं तिच्या मनातच येईना.

दुपार कलायला लागली तेव्हा कमरेच्या पिशवीतला बटणांचा फोन वाजला. दीपक होता. "आई! कुठे आहेस तू? उज्वला शाळेतून येऊन बघते तर दाराला कुलूप! सगळी बिल्डिंग पालथी घातली आम्ही, पोलिसांत जायला निघालो होतो. आई, ऐकतेयस ना? बोल ना काहीतरी!" एवढं सलग तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. ती उत्तर देणार, तेवढ्यात राहीनं तिचा पदर ओढला. डोळे पुन्हा कोरे. "कुनाची गो तू?"

"सोनबाची!" चंद्रभागा म्हणाली, फोन कानाला तसाच, दोन खाचरं ओलांडून जाईल अशा आवाजात. "सोनबाची हाय मी! सोनबा उतेकराची!"

  "दीपक?" ती म्हणाली. "बाळा, आयक, मी हितं राहीकडं..." पण त्यानं फोन तोंडापासून बाजूला केला होता, आणि तो जे बोलला ते तिला स्वच्छ ऐकू आलं.

"उज्वला, त्या प्रियदर्शिनी मॅडमना फोन लाव. आत्ताच्या आत्ता. आई बाबांचं नाव घेतेय."